रिंग गेली वाटतं

गेल्या आषाढातली रविवारची सकाळ होती. बाहेर पावसाची झड लागली होती, खुर्च्यांच्या पाठींवर अर्धवट वाळलेले टॉवेल पसरले होते आणि मी वर्तमानपत्राची पुरवणी वाचत बसलो होतो. स्वयंपाकघरात आईने कुकर लावला होता. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरीही झाली. आमच्या घरी वरण-भाताला तीन शिट्ट्या हा नियम मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो आहे, त्यामुळे तिसरीनंतर गॅसचे बटण फिरवल्याचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. चौथी झाली, पाचवी झाली. मी पुरवणी खाली ठेवून आत गेलो. आई ओट्यापाशीच, कुकरपासून दोन हातांवर, पाठमोरी उभी राहून कोथिंबीर निवडत होती आणि डोक्यावर एक्झॉस्टचा पंखा घरघरत होता. माझी सावली ओट्यावर पडली तेव्हा तिने मान वळवली आणि अगदी सहज म्हणाली, ‘‘अरे, कधीचा लावलाय, अजून एक शिट्टी नाही. रिंग गेली वाटतं.’’ ती हे म्हणत असतानाच सहावी शिट्टी झाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मी पुढे होऊन गॅस बंद केला आणि म्हणालो, ‘‘हो, उद्या नवी आणतो.’’

त्या वाक्याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. खरे तर ‘आई, सहा शिट्ट्या झाल्या’ एवढेच म्हणायचे होते, पण ते तोंडातून निघाले नाही आणि सगळा दोष मी बिनबोभाट रबराच्या एका कड्यावर ढकलून दिला. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून येताना मापासाठी जुनी रिंग सोबत घेऊन मी फडके रोडजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ती हातात घेतली, दोन्ही अंगठ्यांनी ताणली, दिव्याच्या उजेडात चिरा पडल्या आहेत का ते पाहिले आणि म्हणाला, ‘‘काका, ही तर चांगली आहे की अजून. वर्षभर बघायला नको.’’ मी म्हणालो, असू द्या, तरी एक द्या. शंभराच्या आतली ती खरेदी होती. पण चांगल्या वस्तूच्या जागी दुसरी विकत घेताना मला जे अवघडल्यासारखे झाले, ते मोठमोठ्या खरेदीतही कधी झालेले नाही. घरी आल्यावर नवी रिंग झाकणात बसवली. जुनी केराच्या डब्यात टाकायला हात धजावला नाही, म्हणून ओट्याखालच्या कपाटात, आतल्या खिळ्याला अडकवून ठेवली.

घरात सर्वांत लाडके उपकरण कोणते असे कोणी विचारले, तर लोक धुलाई यंत्राचे, फ्रीजचे किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे नाव घेतील. माझ्या मनात कुकरच येतो. दिसायला तो ओबडधोबड, ठोक्यांनी पोचे पडलेला आणि आतून काळवंडलेला असतो. तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकायची राहिली की ॲल्युमिनियम लगेच तोंड काळे करते. परंतु घरातल्या सगळ्या वस्तूंमध्ये तेवढा एकच घराशी बोलतो. बाकीची यंत्रे नुसता आवाज करतात. कुकर सांगतो, आणि आपण त्याचे ऐकून उठावे अशी त्याची अपेक्षा असते.

माझे लहानपण डोंबिवली पूर्वेच्या एका दोन खोल्यांच्या चाळीत गेले. १९७० च्या दशकाची ती अखेर होती. आमच्याकडे कुकर येण्यापूर्वीचे मला अंधुक आठवते. वातीच्या स्टोव्हवर पातेल्यात तुरीची डाळ चढवलेली असे, झाकणीवर पाणी ठेवलेले असे, फेस वर आला की आई तो पळीने काढून टाकी आणि डाळ आटली की झाकणीवरचे तेच तापलेले पाणी आत ओती. तासभर तरी हा पहारा चाले, आणि रॉकेलचा वास डाळीला लागला की वडील न बोलता ताक-भातावर येत. मग बोनसच्या पैशांतून पाच लिटरचा कुकर आला. आजीने तो पहिल्याच दिवशी नापास केला. भात मोकळ्यावर शिजवावा, त्याची पेज काढावी, त्याला वारा लागू द्यावा असे तिचे म्हणणे असे आणि कुकरमधल्या भाताला ती अखेरपर्यंत ‘कोंडलेला भात’ म्हणत राहिली. खायची मात्र आवडीने. आईच्या दृष्टीने प्रश्न चवीचा नव्हताच. वडिलांना सात-बेचाळीसची लोकल गाठायची असे आणि पहाटेचे नळाचे पाणी, डबा, आमची शाळा या सगळ्यांमध्ये तिला चाळीस मिनिटे हवी होती. ती तिला त्या भांड्याने दिली.

चाळीच्या भिंती पातळ होत्या, त्यामुळे सकाळी सहा ते आठ या वेळात सगळ्या बिऱ्हाडांचे कुकर एकमेकांशी बोलत असल्यासारखे वाटे. प्रत्येकाचा आवाज निराळा होता. शेजारच्या काकूंचा कुकर आधी बराच वेळ पुटपुटायचा आणि मग एकदम किंचाळायचा. वरच्या मजल्यावरचा एक तोतरा होता. अर्धी शिट्टी होऊन ती बसायची, पुन्हा अर्धी व्हायची, आणि ती एक धरायची की दोन यावर त्या घरात वाद होत. आमचा लांब, सरळ सूर लावायचा, मालगाडीसारखा. आईला हे सगळे आवाज पाठ होते. दुपारी चार वाजता कुणाकडे पाच-सहा शिट्ट्या झाल्या की ती म्हणे, ‘‘बटाटे लावलेत, पाहुणे आलेत वाटतं.’’ रॉकेलच्या रांगेत जाणारी एखादी बाई आमच्या दारात डोकावून ‘‘वहिनी, माझ्या तीन झाल्या की बंद करा हं’’ असे सांगून जिना उतरत असे, आणि मग आमच्या आईचा एक कान आमच्या कुकरवर व दुसरा तिच्या कुकरवर राही. तान्हे मूल शेजारणीकडे ठेवून जावे, तसा कुकर ठेवून जात असत. एका घरात मृत्यू झाला तेव्हा बरेच दिवस त्या भिंतीपलीकडे काहीच वाजले नाही. जेवण शेजारपाजारच्या घरांतून जात होते. मग एका सकाळी तिकडून शिट्टी आली. भाजी चिरणारा आईचा हात थांबला आणि ती स्वतःशीच म्हणाली, ‘‘लागला बाई कुकर.’’

शिट्ट्या मोजणे हे काम आहे, हे मला कित्येक वर्षे कळलेच नव्हते.

या भांड्याचा पूर्वज मात्र स्वयंपाकघरातला नव्हे. डेनिस पापँ हा फ्रेंच माणूस वैद्यकशास्त्र शिकलेला होता; त्याने पॅरिसमध्ये हायगेन्सच्या आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली काम केले, आणि १६७९ मध्ये घट्ट झाकणाचे एक जाडजूड लोखंडी भांडे रॉयल सोसायटीपुढे मांडले. हाडे मऊ करून त्यांतला कस काढावा, गरिबांच्या पोटात काही पौष्टिक जावे, हा त्याचा हेतू होता. वाफ कोंडली की भांडे फुटू शकते हे लक्षात आल्यावर त्याने त्यावर वजन ठेवलेली एक झडप बसवली. आपल्या कुकरवरची शिट्टी त्या झडपेच्या वंशातली आहे. १६८२ च्या एप्रिलमध्ये त्याने सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेले जेवण दिले आणि गाय-बकऱ्याची टणक हाडे चीजसारखी मऊ झाल्याची नोंद जॉन एव्हलिन या सभासदाने आपल्या रोजनिशीत करून ठेवली. त्या विद्वान पंगतीत ज्योत सांभाळायला कोण उभे होते, याची मला अलीकडे फार उत्सुकता वाटू लागली आहे.

आपल्याकडे वाफेवर शिजवण्याची एक शांत परंपराही होऊन गेली. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ तयार केला. त्यात एकावर एक डबे रचायचे, खाली कोळशाची धग ठेवायची आणि आपल्या कामाला निघून जायचे. परत येईपर्यंत डाळ-भात तयार. एकट्या राहणाऱ्या माणसांना तो सोयीचा वाटला यात नवल नाही, कारण त्याला मोजणारे कोणी लागत नसे. त्याच्या तुलनेत १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज या नावांनी भारतात तयार होऊ लागलेला शिट्टीचा कुकर घाईचा आणि बोलका होता. त्याची युक्ती साधी आहे. उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांना उकळते आणि त्यापलीकडे तापत नाही. झाकण घट्ट बसवून आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढू दिला की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास पोचते आणि डाळीला तासभर लागायचा तिथे पंधरा-वीस मिनिटे पुरतात. दाब त्याहून वाढला की वाफ शिट्टीचे वजन उचलून बाहेर पडते. ते वजनही अडले, किंवा तळाचे पाणी संपले, तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला लवकर वितळणारा धातू वितळतो आणि वाफेला दुसरी वाट मिळते. रिंगचे काम या सगळ्यात सर्वांत गरीब आहे. झाकण आणि भांडे यांच्यामधल्या फटीत ती नुसती दबून बसते. ती ढिली झाली की कडेने वाफ फुसफुसत राहते, दाब चढत नाही आणि शिट्टी होत नाही. आईने त्या रविवारी काढलेला निष्कर्ष, तिच्या कानांवर विश्वास ठेवला असता, शास्त्राला धरूनच होता.

गंमत अशी की शिट्टी हे मुळात काळाचे माप नाहीच. कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत, जी प्रत्येक घरात ड्रॉवरच्या तळाशी न उघडलेली असते, वेगळेच लिहिलेले असते. दाब पूर्ण चढला की ज्योत बारीक करा आणि तिथून मिनिटे मोजा, असे ती सांगते. तसे केल्यास पुढे फारशा शिट्ट्या होण्याचे कारणच उरत नाही. ज्योत मोठी ठेवली की शिट्ट्या भराभर होतात, बारीक ठेवली की रेंगाळतात; लहान कुकरच्या तीन आणि मोठ्या कुकरच्या तीन एकसारख्या नसतात. माझी बायको बँकेत नोकरी करते आणि ती पुस्तिका वाचलेली ती आमच्या घरातली एकमेव व्यक्ती आहे. ती मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावते आणि कपड्यांच्या घड्या करायला निघून जाते. आईला हे पटत नाही. तिच्या मते मिनिटे घड्याळाची असतात आणि शिट्ट्या डाळीच्या. जुनी डाळ असेल तर ती एक शिट्टी जास्त देते, पावसाळ्यातल्या तांदळाला एक कमी करते, आणि हे कशावरून ठरवते असे विचारले तर म्हणते, ‘‘कळतं.’’ पुस्तिका बायकोच्या बाजूने आहे. वरणाबद्दल मी घरात शांतता राहावी म्हणून मत देत नाही.

कान हेच ज्यांचे मुख्य साधन होते अशा स्त्रियांची एक पिढी आपल्या डोळ्यांसमोर होऊन गेली, असे मला हल्ली वाटते. दूध उतू जाण्याआधी पातेल्याच्या कडेशी होणारी सळसळ, फोडणीत मोहरी तडतडून शांत झाल्यावर जिरे टाकायचा तो नेमका क्षण, स्टोव्हची पिन मारायची वेळ आल्याचा त्याचा बदललेला घोगरा सूर, भरत आलेल्या बादलीत नळाच्या धारेचा चढत जाणारा स्वर, हे सारे आई पाठमोरी राहून, तोंडाने आमचा पाढा घेत, ऐकत असे. ‘अठ्ठे छप्पन्न’ कुठे म्हणायचे आणि कुठे नाही हे सांगता सांगता ती मध्येच ‘‘दूध!’’ एवढेच म्हणे आणि आमच्यापैकी कोणीतरी धावे. तिचे हात दिवसभर गुंतलेले असत, डोळे हातांवर असत. उरलेल्या घरावर लक्ष ठेवायला कानच मोकळे होते.

त्याआधीच्या बायकांच्या कामाचा आवाज आणखी वेगळा होता. जात्याची घरघर संथ आणि एका लयीची असते. ती बोलणे बुडवत नाही, उलट त्याला ताल देते. म्हणून तर पहाटे दळताना ओव्या सुचल्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून, बायकांकडून ऐकून ऐकून अशा लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. विजेच्या गिरण्या आल्या आणि पिठाच्या डब्याबरोबर ती पहाटही घराबाहेर गेली. यावर हळहळणे पुरुषांना सोपे जाते, हे मला माहीत आहे. माझ्या आजीच्या तळहातांना खुंट्याचे घट्टे होते आणि ओव्यांच्या संग्रहाबद्दल मी एकदा मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘गाऊ नाही तर काय करू, हात दुखत होते.’’

मिक्सर आला तो मात्र सगळ्यांना गप्प करत आला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत एका जर्मन कंपनीत काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा परदेशी मिक्सर जळाला आणि येथे तो दुरुस्त होईना. युरोपातली ती यंत्रे मऊ फळे आणि सूप यांच्यासाठी केलेली होती; ओले खोबरे, भिजवलेली उडदाची डाळ आणि सुकी हळद यांच्यापुढे त्यांची मोटर टिकत नसे. पत्नी माधुरी माथूर यांची अडचण पाहून त्यांनी १९६३ मध्ये भारतीय वाटणाला पुरून उरेल अशा मोटरचा मिक्सर घडवला. त्याचे नाव ‘सुमीत’. पुढे बरीच वर्षे ‘सुमीत’ म्हणजेच मिक्सर, असे आमच्या चाळीत समीकरण होते. आमच्याकडे तो १९८४ च्या दिवाळीत आला आणि पाटा-वरवंटा ओट्याखालून जिन्याखाली गेला. मिक्सरने आईचे खांदे वाचवले याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पाट्यावर चटणी वाटताना तिच्या कपाळावर येणारा घाम आणि पाठीत निघणारी कळ मी पाहिली आहे. परंतु मिक्सर सुरू झाला की घरातले प्रत्येक वाक्य अर्ध्यावर थांबे, रेडिओवरचे निवेदन बुडे आणि अर्ध्या मिनिटाने तो थांबला की सगळे एकमेकांना ‘‘काय म्हणालास?’’ असे विचारत. आई वाटण घालण्यापूर्वी नेहमी ‘‘लावते हं’’ अशी घोषणा करायची. ती घोषणा आम्हाला नसून भिंतीवर बसलेल्या चिमणीला असायची, हे मला पुष्कळ उशिरा कळले. एकदा अचानक सुरू झालेल्या मिक्सरने ती बिचारी पंख्याच्या पात्यावर उडाली होती.

घरातल्या पुरुषांनी शिट्ट्या मोजल्याचे मला आठवत नाही. वडील कुकरशेजारी बसून दाढी करत असत, परंतु ‘‘किती झाल्या हो?’’ असे आईने बाहेरून विचारले की ते आरशातच भुवया उंचावत. त्यांना त्या ऐकूच आलेल्या नसत. बहिरेपण म्हणतात ते हे नव्हते. ज्याचे उत्तर आपल्याला द्यायचे नाही तो आवाज माणसाला ऐकू येत नाही. मी तरी काय वेगळे केले? २०२० साली सगळे घरी बसून काम करू लागलो तेव्हा एका ऑनलाइन बैठकीत कुणाच्या तरी घरची शिट्टी वाजली आणि आम्ही तिघा-चौघा पुरुषांनी एकदम आपापले माइक बंद केले. बैठकीतली एक सहकारी बाई मात्र शांतपणे म्हणाली, ‘‘माझी आहे, दुसरी. अजून एक बाकी आहे, बोला तुम्ही.’’ ती आकडेवारी सांगत होती आणि शिट्ट्याही मोजत होती. तिचे दोन्ही हिशेब बरोबर होते.

म्हणूनच आषाढातल्या त्या रविवारी मी तिसरीनंतर चौथी आणि चौथीनंतर पाचवी मोजली, याचे माझे मलाच आश्चर्य वाटले. उठून गॅस बंद करायला मात्र मी सहावीची वेळ आणली.

नवी रिंग बसवल्यावर पंधरा दिवस बरे गेले, म्हणजे मी बरे चालू दिले. कुकर लागला की मी काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघरात जाऊ लागलो. पाणी प्यायला, शेंगदाणे खायला, फ्रीज उघडून उगाच बघायला. तिसरी शिट्टी झाली की हाताशी असल्यासारखा गॅस बंद करायचो. आई एकदा म्हणाली, ‘‘आजकाल फार भूक लागते का रे तुला?’’ शेवटी बायकोनेच विषय काढला. दूरचित्रवाणीचा आवाज किती वाढला आहे, मोबाइलची घंटा आईंना दुसऱ्या खोलीतून ऐकू येत नाही, नातवाने ‘साठ’ म्हटले की त्या ‘आठ’ ऐकतात, हे तिने सगळे टिपून ठेवले होते. ती म्हणाली, ‘‘रिंग बदलून काय होणार?’’ मला वाटत होते की हे फक्त मलाच माहीत आहे.

कानाच्या तपासणीची ती खोली लहान, जाड गाद्यांनी मढवलेली आणि इतकी निःशब्द होती की दार लावल्यावर स्वतःच्या श्वासाचाच आवाज जाणवावा. आईच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात एक बटण दिले आणि आवाज आला की दाबायला सांगितले. मी काचेपलीकडे बसलो होतो. सुरुवातीच्या घोगऱ्या सुरांना ती पटापट बटण दाबत होती. परीक्षेत उत्तर येणाऱ्या मुलीसारखी ताठ बसली होती. मग सूर चढत गेले. श्रवणतज्ज्ञ बाई यंत्राची कळ दाबत होत्या, त्यांच्या समोर दिवा लागत होता, आणि आई तशीच ताठ, डोळे मिटून, अंगठा बटणावर ठेवून वाट पाहत होती. त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. आईचा अंगठा हलला नाही. नंतर कागदावरच्या आलेखात डावीकडची रेघ बऱ्यापैकी सपाट होती आणि २००० हर्ट्झच्या पुढे ती घाटातल्या रस्त्यासारखी खाली उतरत गेली होती. वयाबरोबर आधी वरचे सूर जातात, असे त्या बाईंनी समजावले. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने त्याच वरच्या पट्टीत असतात, म्हणून बोललेले ऐकू येते पण कळत नाही. पाखरांची किलबिल, दारावरची बारीक घंटा आणि कुकरची शिट्टी हीही त्याच वाटेने जातात. हे हळूहळू होत असल्यामुळे माणसाला स्वतःला त्याचा पत्ता लागत नाही. त्याला वाटते, लोकच पुटपुटू लागले आहेत.

रिक्षात बसल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘शिट्ट्याच वाजवत होते मेले. मोजायला सांगायचं ना, नुसतं बटण काय दाबायचं.’’

श्रवणयंत्र आले. ते कानामागे बसवून आई पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेली तेव्हा आम्ही सगळे उगाचच तिच्या मागोमाग गेलो. पहिली शिट्टी झाली आणि ती दोन पावले मागे सरकली. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसावा अशी आमची अपेक्षा होती, दिसली ती भीती. ‘‘हा काय डोक्यात वाजतोय का?’’ असे म्हणून तिने यंत्र काढून ओट्यावर ठेवले. यंत्र आवाज मोठा करते, परंतु तो पूर्वी होता त्या जागी परत नेऊन ठेवत नाही, हे तिच्याकडे पाहून कळले. मिक्सरच्या वेळी तर प्रश्नच नव्हता. शिवाय वाफेने यंत्र बिघडते, असे त्या तज्ज्ञ बाईंनीही सांगितले होते, आणि आईने त्यांचे नेमके तेवढे वाक्य अक्षरशः पाळायचे ठरवले. पेढ्यांच्या एका रिकाम्या डब्यात कापूस घालून तिने त्याची जागा केली आहे. स्वयंपाकघरात शिरताना ती यंत्र काढून डब्यात ठेवते आणि बाहेर आल्यावर लावते, देवघरात जाताना चपला काढाव्यात तसे. बायकोने आपोआप बंद होणारा विजेचा कुकर आणला. त्याला शिट्टी नाही, झाले की हिरवा दिवा लागतो. आईने चार दिवस वापरून पाहिला आणि म्हणाली, ‘‘चांगला आहे, पण आत काय चाललंय ते काही सांगत नाही.’’ आता त्यात बायको खिचडी करते आणि ती उत्तम होते.

मागच्या महिन्यात एका सकाळी मी चहा घ्यायला आत गेलो, तर आई ओट्याखालच्या कपाटाचे दार उघडून खाली वाकली होती. उठली तेव्हा तिच्या हातात ती जुनी रिंग होती. तिने ती नळाखाली धुतली, पदराने पुसली आणि झाकणातली नवी रिंग नखाने उचकटून बाहेर काढली. मी विचारले, ‘‘अगं, ती का काढतेस?’’ यंत्र डब्यात होते, त्यामुळे तिने माझ्या ओठांकडे पाहिले. ‘‘नवी फार घट्ट बसते,’’ ती म्हणाली, ‘‘झाकण फिरवताना मनगट दुखतं. आणि हिला कुठे काय झालं होतं?’’

मी काही बोललो नाही. तिने जुनी रिंग झाकणात बोटांनी दाबत दाबत गोल फिरवून बसवली, तळाशी पाणी ओतले, चिमूटभर हळद आणि तेलाचे दोन थेंब घातलेले डाळीचे भांडे खाली, भाताचे वर असे ठेवले, लिंबाची फोड पाण्यात टाकली आणि झाकण लावले. पूर्वी ती कुकर लावून पाठ फिरवत असे. आता तिने कोथिंबिरीची ताटली घेऊन स्टूल ओट्यासमोर, शिट्टी दिसेल असे ओढले आणि बसली. एक्झॉस्टचा पंखा तिने बंद ठेवला होता. खिडकीची काच आधी कडेने धुरकट झाली. मग शिट्टीचे वजन थरथरले, उचलले गेले, आणि वाफेचा झोत वर जाऊन तिच्या चष्म्यावर बसला. तिने चष्मा पुसला नाही. एक कोथिंबिरीची काडी बाजूला काढून ताटलीच्या काठावर ठेवली. दुसऱ्या शिट्टीला दुसरी काडी ठेवली. मी दारात, हातात रिकामा कप घेऊन, मनातल्या मनात मोजत उभा होतो. तिसरी काडी ठेवून तिने हात लांब केला आणि गॅस बंद केला.

‘‘टिकेल अजून वर्षभर,’’ ती म्हणाली आणि पदराने चष्मा पुसू लागली.